पंपाचा कारागीर : रॉबर्ट बॉश

युरोपात, विशेषतः जर्मनीत, नोकरीतून निवृत्त झालेली पुष्कळ जोडपी एखादे जुने मोटारहोम विकत घेतात आणि उन्हाळाभर त्यातून हिंडतात. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. पुढे चालकाची बैठक, मागे दोन पलंग, गॅसची शेगडी, लहानशी मोरी आणि हे सारे ओढणारे डिझेलचे इंजिन. थंडी आली की हे बिऱ्हाड चार-सहा महिने अंगणात उभे राहते. वसंतात मालक किल्ली फिरवतो तेव्हा अनेकदा इंजिन लवकर लागत नाही. लागलेच तर गचके खात, धूर सोडीत चालते. आणि खाली फरशीवर तळहाताएवढा तेलकट डाग पडलेला दिसतो. त्या डागाचा माग काढीत गेले, तर तो बहुधा इंजिनाच्या कुशीत बसवलेल्या एका लहान पंपापाशी जाऊन पोचतो.

आपल्याकडे मोटारहोमचे प्रस्थ नाही. पण हे दुखणे आपल्याला अनोळखी नाही. घाटाच्या वळणावर कडेला घेतलेला ट्रक, उघडलेले बॉनेट आणि हाताने प्रायमर दाबीत बसलेला क्लीनर हे दृश्य कोणी पाहिले नाही? गाडीने एअर घेतली, एवढेच तो सांगतो आणि पुन्हा दाबू लागतो. ज्या पंपात ही हवा शिरलेली असते, तो पंप व्यवहारात आणणाऱ्या माणसाचे नाव आपण रोज कुठल्या ना कुठल्या डब्यावर वाचतो. नाव परिचित आहे. माणूस मात्र फारसा परिचित नाही. रॉबर्ट बॉशचे चरित्र वाचण्याजोगे आहे ते त्याने संपत्ती मिळवली म्हणून नव्हे. एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत खरे काम करण्याचा हट्ट धरणाऱ्या माणसाला आयुष्याच्या अखेरीस एका खोट्या राज्यात जगावे लागले, आणि तेथे त्याचा हट्ट किती पुरला व किती पुरला नाही, हा प्रश्न त्या चरित्रात उभा राहतो.

बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत तो अकरावा. वडील खानावळ चालवीत, शेती करीत. घरी पुस्तके होती आणि विचारांत मोकळेपणा होता. शाळेत रॉबर्टचे मन रमले नाही. पंधराव्या वर्षी त्याला उल्ममधील एका कारागिराकडे सूक्ष्म यंत्रकाम शिकण्यासाठी उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. हा गुरू कामाच्या जागी क्वचितच सापडे. पोराला शिकवण्यापेक्षा राबवून घेण्याकडे त्याचा कल होता. ती सल बॉशच्या मनात जन्मभर राहिली. पुढे १९१३ मध्ये त्याने स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांसाठी स्वतंत्र शिक्षण विभाग काढला, तो या अनुभवाचे फळ म्हणावा लागेल. वाईट शिक्षक लाभलेले सगळेच विद्यार्थी असा सूड उगवतील तर किती बरे होईल!

उमेदवारी संपल्यावर त्याने बरीच भटकंती केली. जर्मनीतील अनेक कारखान्यांत काम केले, श्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयात काही काळ श्रोता म्हणून बसला आणि १८८४ मध्ये अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कला एडिसनच्या कारखान्यात काम करीत असताना त्याने तेथील कामगारांच्या चळवळीत नाव घातले. तेथून इंग्लंडमध्ये सीमेन्सच्या कारखान्यात काही महिने काढून तो परतला. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी श्टुटगार्टमध्ये एका घराच्या मागील आवारात त्याने आपली कार्यशाळा थाटली. वारसाहक्काने मिळालेले दहा हजार मार्क, एक कारागीर आणि एक पोऱ्या हे तिचे भांडवल. टेलिफोन बसवणे, विजेच्या घंटा लावणे, मिळेल ते दुरुस्त करणे असे किरकोळ काम चाले. पहिली दहा वर्षे इतकी ओढगस्तीची गेली की १८९० नंतर एकदा जवळजवळ सर्व कामगारांना निरोप द्यावा लागला. गिऱ्हाइकांकडे जाण्यासाठी त्याने सायकल घेतली होती. त्या काळी श्टुटगार्टच्या रस्त्यावर सायकल हीच एक नवलाई होती, त्यामुळे तिच्यातून जाहिरातही साधली असावी.

त्याला तारले ते मॅग्नेटोने. इंजिनात ठिणगी पाडणारे हे उपकरण त्याने शोधून काढलेले नव्हते. एका गिऱ्हाइकाने तसले एक यंत्र मागितले. बॉशने अस्तित्वात असलेला नमुना पाहिला, त्यावर कोणाचा हक्क नोंदलेला नाही याची खात्री करून घेतली आणि अधिक चांगल्या कसाने तो बनवून दिला. १८९७ मध्ये त्याच्या कारखान्यातील माणसांनी तो मोटारगाडीला जोडता येईल असा केला. १९०२ मध्ये गॉटलोब होनोल्ड या त्याच्या अभियंत्याने उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग सिद्ध केला, आणि जगभरच्या मोटारी बॉशच्या ठिणगीवर धावू लागल्या. १९०६ मध्ये कारखान्यातून एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. त्याच वर्षी बॉशने आपल्या कामगारांना आठ तासांचा दिवस दिला. इतर कारखानदारांनी त्याला 'तांबडा बॉश' हे नाव ठेवले. आठ तासांत दोन पाळ्या नीट बसतात, यंत्रे रिकामी राहत नाहीत आणि दमलेला माणूस चुका करतो, हा त्यामागचा हिशेब होता. हिशेब आणि माणुसकी यांचे या माणसात कधी भांडण झाले नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९१३ मध्ये त्याच्याच कारखान्यात कडवा संप झाला आणि हा कामगारांचा कैवारी मालकांच्या संघटनेत सामील झाला.

काटकसरीच्या त्याच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून ती कोणाची म्हणून तो कारकुनाला विचारी आणि ती आपल्या पैशांची आहे हे त्याला ऐकवी, ही त्यातली प्रसिद्ध गोष्ट. तथापि मालाच्या बाबतीत त्याने काटकसर केली नाही. आपले यंत्र तपासणाऱ्याला ते कुठेही उणे दिसले तर ती आपली बेअब्रू होईल, ही धास्ती त्याला सदैव असे; पैसा गेला तरी चालेल, पण शब्दावरचा विश्वास जाऊ नये, असा त्याचा बाणा होता.

हाच बाणा पंपाच्या कामी आला. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रुडोल्फ डिझेलने १८९७ मध्ये आपले इंजिन यशस्वी केले. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेतात येते आणि त्या हवेत इंधन सोडले की ते आपोआप पेटते. कल्पना अपूर्व होती. पण दाबलेल्या हवेच्या छातीवर इंधन घालायचे कसे? डिझेलने आणखी जास्त दाबाच्या हवेने ते आत फुंकण्याची व्यवस्था केली. त्यासाठी एक वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे. जहाजाला आणि वीजघराला ते परवडले. मोटारगाडीला परवडणे शक्य नव्हते. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या वाटेवर बोटीवरून डिझेल नाहीसा झाला, तेव्हा त्याचे इंजिन रस्त्यावर आलेले नव्हते. इंधन स्वतःच्याच दाबाने आत ढकलणारा पंप हवा होता, आणि तसा पंप सर्वांच्या हातून गळत होता.

हे काम किती अवघड आहे याची कल्पना थोडक्यात द्यायला हवी. प्रत्येक धावेला इंजिनाच्या एका नळकांड्यात जे डिझेल जाते ते फार तर थेंबभर. तो थेंब शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाने, सेकंदाच्या काही सहस्रांश भागात, नेमक्या क्षणी आत गेला पाहिजे. आणि गाडी चढाला लागली की थेंब मोठा, उताराला लागली की लहान झाला पाहिजे. हे करणारा दट्ट्या बोटाहून बारीक असतो. त्याला कातड्याचे किंवा रबराचे वेष्टण चालत नाही, कडीही चालत नाही. दट्ट्या आणि त्याचे बॅरल यांच्यामधली फट केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढी ठेवायची, म्हणजे मिलिमीटरचे दोन-चार सहस्रांश, एवढाच उपाय. फट अधिक झाली तर दाब निसटतो. उणी झाली तर दट्ट्या अडकतो. खरे सांगायचे तर चांगला पंपही आतल्या आत किंचित झिरपतोच, आणि त्या झिरपण्यानेच त्याला वंगण मिळते. प्रश्न गळती मुळीच नसण्याचा नव्हताच. ती हिशेबात बसवण्याचा होता.

१९२० नंतर बेंझच्या कारखान्यातील प्रॉस्पर लोरांज आणि माण या कारखान्यातील अभियंते यांनी ट्रकला जोडता येण्याजोगी डिझेल इंजिने तयार केली आणि १९२४ च्या सुमारास ती रस्त्यावर दिसू लागली. पण पंप जो तो आपापल्या परीने घडवीत होता आणि त्यांचा भरवसा नव्हता. बॉशने १९२२ च्या अखेरीस या कामात उतरण्याचे ठरवले, तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. आदल्याच वर्षी त्याचा थोरला मुलगा, ज्याच्या हाती हे सारे द्यायचे होते तो, मज्जासंस्थेच्या दीर्घ आजाराने वारला होता. महायुद्धात अमेरिकेतील त्याची कंपनी तेथील सरकारने जप्त करून विकली होती. शिवाय डिझेल इंजिन पसरले तर ठिणगीचे, म्हणजे त्याच्याच मॅग्नेटोचे, राज्य आकुंचन पावणार होते. आपल्याच धंद्याच्या मुळावर येणारी वस्तू दुसऱ्याने करण्यापेक्षा आपण करावी, आणि चांगली करावी, असा त्याचा विचार दिसतो. १९२३ च्या मध्यापर्यंत निरनिराळ्या घडणीचे सुमारे डझनभर पंप तयार झाले. १९२५ मध्ये आराखडा ठरला. १९२७ मध्ये पंपाचे रीतसर उत्पादन सुरू झाले. दट्ट्याच्या अंगावर कोरलेली एक तिरकी कड आणि तो जागच्या जागी फिरवण्याची सोय, एवढ्यावर थेंब लहानमोठा करण्याचे काम भागले. प्रत्येक दट्ट्या त्याच्या बॅरलशी घासून जुळवलेला असे; एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या बॅरलला चालत नाही, हा नियम आजही आहे. १९३६ मध्ये हा पंप मर्सिडीज-बेंझच्या प्रवासी मोटारीत बसला आणि डिझेल घरगुती झाले.

आता अंगणातल्या त्या मोटारहोमकडे वळू. पुष्कळ जुन्या गाड्यांवर बॉशच्या कारखान्यातून १९७५ पासून निघू लागलेला 'व्हीई' जातीचा पंप असतो. त्याचे पोट सदैव डिझेलने भरलेले असते आणि ते रबरी सीलांनी बंद केलेले असते. वरच्या झाकणाचे गॅस्केट, ॲक्सिलरेटरच्या दांड्याचे सील आणि मागच्या डोक्याची ओ-रिंग या त्याच्या दुखऱ्या जागा. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की रबर वाळते. त्यात इंधन बदलले. हवा कमी बिघडावी म्हणून डिझेलमधील गंधक काढण्यात आले. युरोपात २००९ पासून आणि भारतात २०२० पासून ते दशलक्षात दहा भागांवर आले आहे. ते काढण्याच्या प्रक्रियेत रबर फुगवून ठेवणारी द्रव्येही कमी होतात आणि जुन्या डिझेलवर वाढलेले सील आखडते. पंपाची कूस ओली होते ती बहुधा अशी.

अशा वेळी पाना घेऊन सारे बोल्ट आवळत सुटणे हा पहिला मोह असतो, आणि बहुतेक पंप त्यानेच बिघडतात. आधी पंप स्वच्छ धुऊन कोरडा करावा, त्यावर खडूची पूड भुरभुरावी आणि इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे. ओल प्रथम जेथे उमटते तीच गळतीची जागा, कारण डिझेल खाली ओघळून भलतीकडेच डाग पाडते. नळीच्या जोडावर ओल असेल तर तांब्याचे वॉशर नवे घालावेत; जुने पुन्हा वापरू नयेत. बाहेर थेंब नाही आणि सकाळी इंजिन लागत नाही, तर बाजू उलटी समजावी. शोषणाच्या नळीतून हवा आत येते आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरते. तेथे हातभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल तर डिझेल आतल्या आत त्यात उतरत आहे असे समजून गाडी थांबवावी. झाकणाचे गॅस्केट किंवा दांड्याचे सील जाणता मेकॅनिक जागेवर बदलू शकतो. डोक्याच्या ओ-रिंगपासून पुढचे काम मात्र पंपाच्या चाचणी-बाकाचे आहे. तेथे नव्या जातीच्या रबराचे सील घालून थेंबाचे माप पुन्हा जुळवून घ्यावे लागते. आणि एक गोष्ट जिवावरची आहे. नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांवर गळती शोधताना हाताने चाचपू नये. त्या दाबाची धार कातडीत सुईसारखी शिरते, वर टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत बोट सडू लागते. असे झाले तर वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. मोटारहोममध्ये तर मागे माणसे झोपलेली असतात, शेगडी पेटलेली असते; गळके डिझेल रबरी पट्टे आणि पाण्याच्या नळ्या खाते ते वेगळेच. थेंबभर गळते आहे, पुढच्या गावी पाहू, हा विचार तेथे चालत नाही.

बॉशच्या आयुष्यातही पुढच्या गावी पाहू म्हणता येणार नाही असा काळ १९३३ मध्ये आला. तो लोकशाहीवादी होता. पहिल्या महायुद्धातील नफ्यातून त्याने नेकार नदी जलवाहतुकीस योग्य करण्यासाठी मोठी देणगी दिली होती; फ्रान्सशी सलोखा व्हावा म्हणून तो वर्षानुवर्षे खटपट करीत होता. हिटलरचे राज्य त्याला मानवणारे नव्हते आणि मानवलेही नाही. त्याच्या कारखान्याने छळ होणाऱ्या ज्यूंना नोकऱ्या दिल्या, देश सोडण्यासाठी पैसा पुरवला. त्याचा उत्तराधिकारी हान्स वाल्त्स याला या कामाबद्दल १९६९ मध्ये इस्रायलने गौरविले. लाइपझिगचा माजी महापौर कार्ल गोर्डेलर याला १९३७ पासून बॉशने सल्लागार म्हणून पदरी ठेवले. त्या आडोशाने तो हिटलरविरोधी कटाची जुळवाजुळव करीत देशोदेशी फिरला आणि १९४५ च्या फेब्रुवारीत फासावर गेला.

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, त्याच काळात बॉशचा कारखाना युद्धयंत्रणेचा आधारस्तंभ होता. डिझेलसाठी जो पंप घडवला त्याच्याच धर्तीवर विमानाच्या पेट्रोल इंजिनात इंधन सोडणारा पंप झाला आणि १९३७ पासून तो जर्मन लढाऊ विमानांत बसू लागला. लष्कराच्या गाड्यांवर त्याचे विजेचे सामान होते. युद्धकाळात त्याच्या कारखान्यांत सुमारे वीस हजार लोकांना सक्तीने राबवण्यात आले. त्यांत पकडून आणलेले परदेशी मजूर होते, युद्धकैदी होते, छळछावणीतले बंदी होते. यांतील पुष्कळसे बॉशच्या मृत्यूनंतर घडले हे खरे. पण त्याची सुरुवात त्याच्या हयातीत झाली होती, आणि आठ तासांच्या दिवसाच्या जनकाच्या नावाची पाटी त्या दारांवर होती. त्याने गोर्डेलरला पोसले, म्हणून हा हिशेब फिटतो असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. कारखाना बंद केला असता तर सरकारने तो ताब्यात घेतला असता, हा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्यही आहे. तरी ज्याने मालातले सहस्रांश मिलिमीटर कधी नजरेआड केले नाहीत, त्याला हेही दिसत असणारच. ते पाहून त्याच्या मनात काय चालले होते, याचा अंदाज त्याच्या अखेरच्या वर्षांतील उद्योगांवरूनच बांधावा लागतो. शेतीचा आणि होमिओपॅथीचा त्याला फार नाद होता. १९४० मध्ये त्याने श्टुटगार्टमध्ये होमिओपॅथीवर आधारलेले रुग्णालय उभारले. १९४१ मध्ये ऐंशी वर्षे पुरी झाली तेव्हा हिटलरच्या सरकारने त्याला 'श्रमाचा अग्रदूत' ही पदवी दिली. १२ मार्च १९४२ रोजी कानाच्या विकाराने तो वारला, आणि ज्या राजवटीचा त्याला तिटकारा होता तिनेच त्याची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली.

मृत्यूपत्रात त्याने आपल्या संपत्तीचा विनियोग लोकोपयोगी कामांसाठी व्हावा असे सुचवून ठेवले होते. वारसांकडून कंपनीचा बहुतांश हिस्सा १९६४ मध्ये एका विश्वस्त संस्थेकडे आला. तिचे नाव पुढे त्याच्याच नावावरून पडले आणि नफ्यातील तिचा वाटा रुग्णालये, शिक्षण व देशोदेशींचे सख्य यांवर खर्च होतो. भारतात त्याच्या कंपनीची विक्री १९२२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली होती. १९५१ मध्ये बंगळूरला 'मोटर इंडस्ट्रीज कंपनी' निघाली आणि तिने येथे डिझेलचे पंप बनवण्यास आरंभ केला. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेले 'मायको' हे नाव आपल्याकडे इतके रुळले की २००८ मध्ये कंपनीने ते बदलले तरी नाशिककरांनी बदलले नाही. १९७० च्या सुमारास सातपूरला तिचा कारखाना उभा राहिला, तेथे नोझल बनू लागले, आणि शहरातल्या चौकाला आजही लोक मायको सर्कल म्हणतात. त्या कारखान्यात भोक पाडण्याचे आणि घासून जुळवण्याचे काम शिकलेली माणसे पुढे जिल्ह्यात ठिकठिकाणी पंप दुरुस्तीची दुकाने काढून बसली. अशा एखाद्या दुकानात डोकावले तर बाकावर धुतलेले दट्ट्ये आपापल्या बॅरलशेजारी जोडीजोडीने मांडलेले दिसतात. आणि नवा पोऱ्या आला की त्या जोड्या मोडू नयेत, हेच त्याला पहिल्या दिवशी सांगितले जाते.